हिस्लॉपचे ५० पौंड

फुटबॉलचा गोलकीपर शाका हिस्लॉप म्हटलं की मला २००६ चा वर्ल्ड कप आठवतो. त्रिनिदाद-टोबॅगोचा पहिलाच वर्ल्ड कप, समोर स्वीडन. सरावात गोली जखमी झाला म्हणून ऐनवेळी ३७ वर्षांच्या हिस्लॉपला उभं केलं. इब्राहिमोविच, लार्सन असले लोक समोर असून सामना ०-० सुटला. मी तालमीच्या टीमचा गोली, त्यामुळे तो सामना मला पाठ आहे.

पण गड्याचं मोठं काम त्याच्या दहा वर्षं आधी सुरू झालं होतं. १९९५ ला तो इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबकडून खेळायला लागला. एकदा स्टेडियमजवळच्या पंपावर पेट्रोल भरत होता, बरोबर बायको आणि लहान मुलगी. चार-पाच पोरं त्याच्या रंगावरून शिव्या घालायला लागली. मग त्यातल्या एकानं त्याला ओळखलं. झालं! तीच पोरं सही मागायला पुढे.

मला शिव्यांपेक्षा ती सही जास्त झोंबते. पोरांना उपरती वगैरे काही झाली नव्हती. माणूस आपला गोली निघाला म्हणून सुटला, इतकंच. तिथं रात्रपाळीवरून घरी निघालेला कुणी साधा माणूस असता तर?

हिस्लॉपनं मात्र यातून भलतंच काढलं: ओळखीच्या चेहऱ्याचं पोरं ऐकतात, तर तो चेहरा कामाला लावू. न्यूकॅसलमध्येच जेड ग्रेबी वर्णद्वेषाविरुद्ध काम करत होता. हिस्लॉपनं त्याला ५० पौंड दिले. त्यातून १९९६ ला ‘शो रेसिझम द रेड कार्ड’, म्हणजे वर्णद्वेषाला लाल कार्ड दाखवा, ही संस्था उभी राहिली. आजी-माजी खेळाडू शाळांत जातात, पोरांसमोर बसतात, बोलतात. टी-शर्ट घालून फोटो काढण्यापेक्षा हे चिवट काम आहे.

आमच्याकडे पेठांच्या सामन्यांना नायजेरियातून पोरं खेळायला यायची. गोल मारला की खांद्यावर, चुकला की स्टँडमधून ‘ए काळ्या’. गोलपोस्टमध्ये उभ्या माणसाला मागचं सगळं ऐकू येतं.

आता मी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. त्यांना सांगून ठेवलंय, तशी हाक आली की खेळ थांबवून सरळ पंचांकडे जायचं. हाक आपल्याच पेठेची असली तरी.