आधी वाऱ्यासमोर, मग वाऱ्यासोबत

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: ‘मुलगी नऊ वर्षांची आहे, खाडीत उभी राहून सप छान चालवते. डाउनविंड कधी सुरू करू?’ सप म्हणजे ज्यावर उभं राहून वल्हवतात तो लांबट बोर्ड.

वय सांगून याचं उत्तर देता येत नाही. ज्या वाऱ्यात तिला सोडायचंय, त्याच वाऱ्यात ती गुडघ्यांवर बसून २०० मीटर वाऱ्यासमोर वल्हवत जाऊ शकते का, एवढं बघा. गेली तर त्या दिवशी डाउनविंड. नाही गेली तर वाळूत किल्ले करा, उद्या परत बघू. डाउनविंड म्हणजे वारा पाठीवर घेऊन, त्यानेच उठवलेल्या लाटांवरून घसरत जायचं. एकीकडे सुटायचं आणि दुसरीकडे लागायचं. मधे काही बिनसलं तर मागे फिरायला वारा लागतो तो समोरचा, आणि पंचवीस-तीस किलोचं पोर बोर्डवर उभं राहिलं की ते स्वतःच एक शीड असतं.

हवाईतल्या माउई बेटावरचे व्हिडिओ बघून बरेच पालक येतात. मलिकोच्या घळीपासून काहुलुई बंदरापर्यंतचा तो पल्ला सुमारे १५ किलोमीटरचा आहे. मुलांचा पहिला पल्ला ५०० मीटरचा असतो. चार-पाच वेळा तो झाला की मग एक-दीड किलोमीटर.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वारा ओळखायला शाळेतला भूगोल पुरतो: मतलई वारे आणि खारे वारे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तेव्हा काठाजवळचं पाणी आरशासारखं दिसतं आणि सगळ्यांना वाटतं, मुलांना शिकवायला हीच वेळ. त्या वाऱ्यात डाउनविंड म्हणजे थेट अरबी समुद्र. काठापासून जरा लांब गेलं की वारा वाढतो आणि तो काठावरून दिसत नाही. दुपारचा खारा वारा मात्र आपल्या कामाचा. फेब्रुवारी ते मे तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना वारा मागून, थोडा उजवीकडून लागतो आणि हळूहळू काठाकडे ढकलतो. चुकलं तरी पोर वाळूवर येतं. लाटा काठावर जोरात फुटत असतील त्या दिवशी मात्र हा हिशेब धरू नका.

वेग ८ ते १० नॉट, म्हणजे ताशी १५ ते १८ किलोमीटर. पांढरे फेस तुरळक दिसायला लागतात तेवढा. सगळीकडे फेस दिसत असेल तर तो मोठ्यांचा दिवस. तीनला सुटा. वाऱ्याचा जोर अजून चढायचा असतो, म्हणून पल्ला लहान ठेवा.

तारकर्लीजवळच्या कर्ली खाडीसारख्या जागी भरती-ओहोटीही बघावी लागते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाकडे जाणारा पल्ला मुलांना नकोच. वारा आणि पाणी दोन्ही बाहेर ओढतात.

सामानात सगळ्यात जास्त चुका बोर्डच्या असतात. भाड्याने मिळणारा १०.५ फूट लांब, ३२ इंच रुंद, हवा भरायचा बोर्ड मुलाखाली पानासारखा तरंगतो. वारा त्याला फिरवतो आणि मुलाचा हात रुंदीपलीकडे पाण्यात सरळ पोचत नाही, म्हणून प्रत्येक वल्ह्यागणिक बोर्ड वळतो. तीस किलोपर्यंत ८ ते ९ फूट लांब, २६ ते २८ इंच रुंद बोर्ड बघा. हवेचा असेल तर कंपनीने लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा १५ पीएसआयच्या आसपास, पूर्ण भरा. मऊ बोर्ड लाटेवर मधे वाकतो आणि घसरतच नाही. पॅडल मुलाच्या उंचीपेक्षा चार-पाच बोटं जास्त, दांडा बारीक, पातं लहान. मोठ्यांचं पॅडल कापून दिलं तरी पातं मोठंच राहतं आणि दहा मिनिटांत खांदे जातात.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, कमरेला बांधून ओढल्यावर फुगणारं नाही. लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी, हवीच, कारण सुटलेला बोर्ड पोहून गाठता येत नाही. जाळ्यांचे खुंट किंवा होड्यांचे नांगरदोर असतील तिथे लीश पायाला न बांधता कमरेच्या झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला लावा, आणि तो पट्टा मुलाला डोळे मिटून दहा वेळा सोडायला लावा.

आता पाण्यात. पहिला धडा पडण्याचा. बोर्डपासून लांब, पसरट, पाठीवर किंवा कुशीवर पडायचं, पॅडल हातात. परत चढताना बोर्ड वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो तिकडे, आणि आपण वरच्या, वारा येतो तिकडे. उलटं झालं तर पुढची लाट बोर्ड तोंडावर आणते. मधलं हँडल धरायचं, पाय मारून शरीर आडवं करायचं आणि सरकत वर यायचं. काठाला लोंबकळून वर ओढायला गेलं की बोर्डच उलटतो.

लाट पकडणं गुडघ्यांवरच शिकवा. मागचं टोक उचललं गेलं की तीन-चार छोटे, जलद हात आणि मग थांबायचं. मुलं दोन ठिकाणी चुकतात. एक, लाट येतेय का म्हणून मागे वळून बघतात आणि पडतात. त्यांना सांगा, पुढचा खड्डा शोध. पुढे पाणी खोल दिसलं म्हणजे मागून लाट आलीच. दोन, लाट मिळाली तरी वल्हवत राहतात, बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात घुसतं आणि पोर पुढे उडतं. नाक खाली गेलं की वजन मागे, लाट निसटली की पुढे. गुडघ्यांवर हे वीतभर सरकून जमतं, उभं राहिल्यावर एक पाय मागे घेऊन. पण सलग पाच लाटा गुडघ्यांवर मिळेपर्यंत उभं राहायची घाई नको. तेच तर शिकायचंय, उभं राहणं ही त्यातली शोभा.

एका शिक्षकामागे दोन मुलं, जास्त नाहीत. शिक्षकाने कायम वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे मुलांच्या मागे राहायचं. मागून पुढे जाऊन मुलाला गाठता येतं, पुढून मागे येणं त्यालाही जड जातं. दुसरं मोठं माणूस उतरायच्या जागी, हातात लाल कापड. ती जागा मुलांनी आधी चालत जाऊन बघितलेली असावी: देवळाचा कळस, टॉवर, काहीतरी पाण्यातून दिसणारं. एक शिट्टी म्हणजे गुडघ्यांवर बस, तीन म्हणजे काठाकडे वळ.

थकलेलं पोर ‘दमलो’ म्हणत नाही. ते गप्प होतं, पॅडल पाण्यात न बुडवता वरवर थापटायला लागतं, ओठ निळसर पडतात. मे महिन्यातही ओल्या कपड्यांवर वारा लागला की थंडी वाजते. यातलं एक दिसलं तरी तीन शिट्ट्या. काठावर कोरडा टॉवेल आधीच ठेवलेला असू द्या.