तुम्ही विचारलंत म्हणून: टीमक्सच्या पॅकेजमध्ये माझं काय?

बेळगावातले मित्र विचारतात, खानापूरला गेलं की मामा विचारतात. टीमक्स, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम, निकोलस मॅरियटनं लिहिला, २००७ पासून त्याचं चाललंय, तू नुसता त्याचं पॅकेज, लोकांना बसवता येईल असा गठ्ठा, बांधून देतोस, त्यात तुझं काय?

बांधायला काही मिनिटं लागतात ओ, लिबइव्हेंट आणि एनकर्सेस या लायब्ररी असल्या की झालं. त्याला मी काम म्हणतच नाही. लोकांच्या चालू मशीनवर जुनं काढून नवं बसवताना काय मोडेल ते आधी बघायचं, हे काम. आणि तेच माझं एकदा चुकलं.

टीमक्स १.८ चं १.९ केलं तेव्हा. निपाणीचा एक दादा, मला लिनक्स त्यानंच शिकवलं, त्याच्या सर्व्हरवर जुन्या मराठी-कन्नड कागदांच्या स्कॅनचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून घेणं, नऊ दिवस चालू होतं, टीमक्समध्येच, कारण पावसात आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि इकडं सगळं बंद पडलं तरी तिकडं काम चालू राहतं. माझं पॅकेज अपडेट झालं आणि रात्री त्याचा फोन, अरे अटॅचच होईना, चालू कामात परत शिरताच येईना, प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, क्लायंट ८, सर्व्हर ७ म्हणतंय बघ की. म्हणजे आत जोडणारा नवा टीमक्स आणि मागं चालू असलेला जुना, टीमक्सचा सर्व्हर, यांची आपसात बोलायची भाषाच वेगळी झाली होती. मी झोपेत होतो. म्हटलं, दादा, पीकिल मार, म्हणजे जुना टीमक्स बंद कर, आणि नव्यानं चालू कर. त्यानं मारलं. सर्व्हरबरोबर आतलं सगळं गेलं, नऊ दिवस गेले.

सकाळी कळलं की डिस्कवरची फाईल बदलली तरी चालू प्रोसेसकडं जुनी असतेच. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये सर्व्हरच्या पीआयडीखाली, म्हणजे त्या प्रोसेसच्या नंबराखाली, एक्झी असते, तीच जुनी फाईल, ती चालवून अटॅच म्हटलं असतं तर दादा आत गेला असता. एक ओळ होती हो.

तेव्हा मी स्वतःला सांगायचो, प्रोटोकॉल मी बदलला नाही, अपडेट करायच्या आधी लोकांनी बघायला नको का? आजही ते अगदीच चूक वाटत नाही. पण ते अपडेट माझ्या हातून गेलं होतं आणि पीकिल मार म्हणणारा पण मीच.

आता प्रोटोकॉल बदलणार असला की जुना सर्व्हर चालू आहे का बघून पॅकेज आधी सूचना दाखवतं, त्या एक्झीच्या ओळीसकट. टीममधले म्हणतात, पॅकेजनं मध्ये बोलू नये, स्वयंचलित अपडेटमध्ये ती सूचना वाचणार कोण? तेही खरंय. तरी मी ती काढलेली नाही.

दादा हल्ली टीमक्सऐवजी स्क्रीन नावाचा प्रोग्राम वापरतो.