तांब्याच्या डोंगराची मालकीण: येकातेरिनबुर्गहून पोलेव्स्कोयची एक दिवसाची फेरी

रशियाच्या उरल पर्वतभागातल्या लोककथांत तांब्याच्या खाणीची राखण करणारी एक बाई आहे, ‘तांब्याच्या डोंगराची मालकीण’; तिच्या गावाची, पोलेव्स्कोयची, ही फेरी. येकातेरिनबुर्गच्या दक्षिण बसस्थानकावर तिकीट काढताना नुसतं ‘पोलेव्स्कोय’ म्हणू नका, ‘यूग’ म्हणजे दक्षिण असं स्पष्ट सांगा. गाव दोन भागांत विभागलेलं आहे. ‘सेव्हेर’च्या, म्हणजे उत्तरेच्या, गाडीत बसलात तर उत्तरेच्या कारखान्याजवळ उतराल आणि अर्धी सकाळ तिथेच जाईल.

दक्षिण भागात आधी दुम्नाया टेकडी चढा. इथल्या पहारेकऱ्याकडून, वासिली ख्मेलिनिनकडून, पुढे लेखक झालेल्या लहानग्या पावेल बाझोवने खाणकामगारांच्या गोष्टी ऐकल्या आणि १९३६ पासून त्या आपल्या भाषेत छापल्या. आज सगळ्यांना ठाऊक असलेली मालकीण, म्हणजे काळ्या वेणीची, मॅलाकाइटच्या (तांब्याच्या खाणीत सापडणाऱ्या हिरव्या, पट्टेदार दगडाच्या) पोशाखातली, क्षणात सरडा होणारी बाई, ही बरीचशी बाझोवची घडण आहे. पोलेव्स्कोयच्या मानचिन्हावर मुकुट घातलेला सरडा आहे तो तिचाच; त्याच्या पाठीवरची, तांबं दर्शवणारी खूण नीट बघा.

तिचं घर गुम्योश्की. १७०२ मध्ये सापडलेली ही तांब्याची खाण पुढे पाण्याने भरली आणि १८७१ मध्ये बंद पडली. खाली उतरायची सोय नाही आणि आवार उद्योगाचं आहे, तेव्हा कुंपण ओलांडू नका. इथला दीड टनाचा मॅलाकाइटचा दगड सेंट पीटर्सबर्गच्या खाण संग्रहालयात आहे.

आता अझोव डोंगर. उंची सुमारे ५९० मीटर. झ्युझेल्स्की वस्तीपर्यंत टॅक्सी करा आणि परतीची वेळ चालकाशी आधीच ठरवा, कारण तिथे उभ्या गाड्या मिळत नाहीत. जाऊन-येऊन चार तास हाताशी ठेवा. इथली ‘अझोवका’ वेगळी: डोंगराच्या पोटात दडलेल्या संपत्तीवर बसलेली मुलगी. खाणीच्या मालकिणीहून ही लोककथा जुनी आहे. दोघींना एकच समजण्याची चूक फार होते, आणि मग या डोंगरावर मॅलाकाइट शोधत बसावं लागतं.

एप्रिलच्या अखेरीपासून जुलैपर्यंत जंगलात गोचीड सर्वात जास्त असते आणि ती मेंदूज्वर पसरवते. लसीचे दोन डोस निघण्यापूर्वीच पूर्ण करा. विजार मोज्यात खोचा, दर तासाला मान आणि काखा तपासा. चावलीच तर उपटून फेकून देऊ नका; काढून डबीत ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चाव्याचा खर्च भरणारा विमा तिथे मिळतो, तो काढाच.

रशियाबाहेरची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख न्या. मॅलाकाइट घेताना हे लक्षात ठेवा: दुकानातला बहुतेक दगड काँगोचा असतो, गुम्योश्कीचा म्हणून जादा पैसे देऊ नका. हातात घेतला की तो गार आणि आकाराच्या मानाने जड लागतो. प्लास्टिक लगेच कोमट होतं. पट्टे सगळे सारख्याच रुंदीचे दिसले तरी शंका घ्या. खरा उरल मॅलाकाइट जवळून पाहायचा तर येकातेरिनबुर्गमध्ये लेनिन मार्गावर, दगडकाम आणि दागिन्यांच्या संग्रहालयात.