लग्न ठरलेल्या तरुणाची तक्रार

परळच्या माझ्या दवाखान्यात एका संध्याकाळी आलेला पंचविशीतला तरुण (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) खुर्चीत बसताच म्हणाला, "डॉक्टर, मला पॉर्नचं व्यसन लागलंय. लग्न ठरलंय, पण त्या मुलीचं माझ्या हातून वाटोळं होणार." लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात वाचून त्याने कसलीशी पावडर सुरू केली होती आणि पगारातला बराच पैसा तिच्यावर जात होता.

मी खोदून विचारले. घरचे झोपल्यावर, आठवड्यातून एखाद्या वेळी, दहा-पंधरा मिनिटे तो व्हिडिओ पाही. कामावर खाडा नव्हता, झोप नीट होती, पाहणे वाढतही गेले नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी तो देवापुढे दिवा लावायचे टाळी आणि आईच्या नजरेला नजर देत नसे.

जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे आजारांचे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार आहे, पण तो व्यसनांत नव्हे, तर आवेग-नियंत्रणाच्या, म्हणजे ऊर्मी आवरता न येण्याच्या विकारांत मोडतो. साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ताबा सुटलेला असणे आणि त्यामुळे मोठा त्रास किंवा संसार, नोकरी, प्रकृती यांची हानी होणे, असे त्याचे निकष आहेत. केवळ नैतिक अपराधीपणातून आलेला त्रास निदानाला पुरेसा नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरने हे वाक्य ध्यानात ठेवायला हवे.

"पण मेंदू आक्रसतो म्हणतात ना?" त्याने मोबाइल पुढे केला. बर्लिनमध्ये ६४ पुरुषांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची ती बातमी होती. जास्त तास पाहणाऱ्यांच्या मेंदूच्या एका भागात करडे द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मुख्यतः चेतापेशींचा भाग) कमी आढळले होते, हे खरे. पण ते पाहण्याने कमी झाले की मुळात तसा मेंदू असणारेच जास्त पाहतात, हे त्यावरून ठरत नाही, असे मी त्याला समजावले.

हे सारे निरुपद्रवी आहे, असे मी म्हणणार नाही. नोकरी गेली, बायकोने बोलणे टाकले, तरी पहाटेपर्यंत पडद्यापुढून उठू न शकणारा माणूस मी तपासला आहे. त्याला व्यसनी म्हणावे की नाही याचा वाद मिटेपर्यंत त्याचे उपचार थांबवता आले नसते.

या तरुणाची पावडर मी बंद केली आणि त्या अपराधीपणाविषयी बोलण्यासाठी पुढच्या आठवड्यात बोलावले. होणाऱ्या बायकोला सांगावे का, हा त्याचा प्रश्न आम्ही त्या भेटीसाठी ठेवला.