हिप्परग्याच्या काठावर शिकलेला समुद्र

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८४)

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा शाळेतून फोन आला, तेव्हा कशावर लिहायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्या भूगोलाच्या सरांवर लिहायचं होतं, आणि त्यांनी शिकवलेल्या समुद्रावर. सोलापूरच्या आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. घरोघरी माग, विड्या, मिलची पाळी. सुट्टीत फार तर तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट. अशा मुलांना ‘सागरी लाटांचे कार्य’ हा धडा सरांनी असा शिकवला की पुढे मी भूगोलच घेतला आणि कोकणातल्या कॉलेजात तोच विषय शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली.

खरं तर हा धडा दोन तासांत उरकता येतो. पुळण (वाळूचा किनारा), खाजण (वाळूच्या दांड्याआड अडलेलं उथळ खारं पाणी), वाळूचा दांडा, सागरी कडा, तरंगघर्षित मंच (लाटांनी झिजवलेला सपाट खडक). व्याख्या पाठ करायच्या, आकृती काढायची, मार्क घ्यायचे. सरांनी पुस्तक मिटलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी आम्हाला एसटीने हिप्परगा तलावावर नेलं.

पाणी पार आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या मुरमाड काठावर एकाखाली एक पायऱ्या दिसत होत्या, कुठे वीतभर उंच, कुठे त्याहून कमी. ‘ह्या कुणी खणल्या?’ सरांनी विचारलं. गुरांनी, असं कुणीतरी म्हणालं. सरांनी उत्तर दिलं नाही, उकिडवं बसून नीट बघायला लावलं. प्रत्येक पायरीची उभी बाजू ताजी कापल्यासारखी होती आणि तळाशी आत गेलेली. तिच्या पुढ्यात खड्यांचा सपाट पट्टा, वरच्या अंगाला जाड खडे, पाण्याकडे जावं तशी बारीक रेती आणि शेवटी चिखल. मग सर बोलायला लागले. आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा या काठावर आपटत राहतात. पाणी ज्या पातळीला काही दिवस थांबतं तिथे लाट काठाचा पाया कुरतडते. पाया गेला की वरचा भाग कोसळतो. बारीक माती पाण्याबरोबर आत जाते, जड खडे जागेवर राहतात. पाणी खाली सरकलं की नवी पायरी. ‘समुद्रात हेच चालतं पोरांनो, फक्त तिथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि समोर मुरूम नसून खडक असतो.’

पुढे कोकणात हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, ओहोटीला, मी हेच सगळं कातळात पाहिलं. कड्याच्या पायथ्याशी आत गेलेली खोबण, तिच्यासमोर समुद्रात लांबवर गेलेला सपाट खडक. आणि खडक कोणता, तर आपलाच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरत गेले, त्यांतूनच सोलापूरच्या शेतांखालचा काळा पाषाण झाला आणि कोकणचा कडाही. आपल्याकडे त्याची झीज होऊन काळी माती झाली. तिथे लाट त्याला फोडते. लाट खडकावर आदळली की भेगांमधली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की ती झटक्याने मोकळी होते. हे अहोरात्र चालतं आणि भेग रुंदावत जाते. सुटलेले दगडगोटे लाट पुन्हा त्याच कड्यावर फेकते. हरिहरेश्वरला कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. खारं पाणी खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतं, उन्हाने वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा एकेक कण ढिला करतात. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागून गिलावा फुगतो, पोपडे पडतात, तेही मिठाचंच काम. सोलापूरच्या मुलीला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

लाट फक्त फोडत नाही. किनारा जिथे समुद्रात पुढे आलेला असतो तिथे लाटा वळून दोन्ही बाजूंनी त्या भूशिरावर एकवटतात. खाडीच्या, उपसागराच्या कुशीत त्यांचा जोर पसरून जातो आणि तिथे त्या वाळू टाकतात. म्हणून कोकणात एक कडा, एक पुळण, पुन्हा कडा असं चित्र दिसतं. खाड्या मात्र लाटांनी केलेल्या नाहीत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. बर्फ वितळलं, पाणी चढलं, नद्यांची मुखं बुडाली.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते वाळूने. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखालच्या बांधावर नेतात, तेव्हा किनारा खरवडल्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. वरच्या अंगाला मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. तिच्या मुळांनी किनाऱ्यावरची वाळूची टेकडी धरून ठेवलेली असते. हॉटेलांसाठी ती वेल साफ करताना पाहिली की माझा जीव तुटतो.

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूचा चिंचोळा दांडा. त्यावर घरं, माड, शाळा. ही जमीन वाळूच्या येण्याजाण्यावर उभी आहे. समुद्र आत येतो म्हणून लोक दगडी बंधारा मागतात. ज्याच्या अंगणापर्यंत लाट आली त्याला नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण उभ्या बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि बंधारा संपतो त्याच्या पुढच्या घराची जमीन आणखी वेगाने खचते. माझ्या मते किनाऱ्याजवळ बांधकामच होऊ न देणं हा खरा उपाय. ते आता उशिरा का होईना, करायलाच हवं.

सोलापूरकरांना यात आपला वाटा नाही असं वाटेल. आपली भीमा पूर्वेला जाते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि आपल्या रानातली काळी माती आंध्रातल्या कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत पोचते. म्हणजे पोचत होती. १९८० साली उजनी पूर्ण झालं, कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर इतर धरणं झाली, आणि गाळ धरणांत अडू लागला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी आता मागे सरकतो आहे. उजनीने आपली तहान भागवली, ऊस उभा केला. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण धरणात साठणारा गाळ हा कुठल्या तरी किनाऱ्याचा हक्काचा माल आहे, हे नववीच्या वर्गात सांगितलं गेलं पाहिजे.

शाळेला एक विनंती. नववीची सहल एकदा हरिहरेश्वरला न्या, थंडीत. कोळी तिथीवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं, खडक पुरा उघडा पडतो. मुलांना सातलाच वाटेवर उतरवा, नऊ-साडेनऊला वर घ्या. भरती चढू लागल्यावर तिथे क्षणभरही थांबायचं नाही. शेवाळावर चपला घसरतात, बूटच हवेत. तारीख ठरली की कळवा, मी रत्नागिरीहून आदल्या रात्रीच येऊन थांबेन.