काटा धारवाडवर, काटा सांगलीवर

निपाणीला मामांच्या माडीवर रिकाम्या पोत्यांमागे पडून असलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ मी 2016 च्या पावसाळ्यात बेळगावला आणला, तेव्हा त्याचा काटा एका टोकाला अडकलेला होता आणि डायलची दोरी उंदरांनी कुरतडलेली होती. मामींचे माहेर हुबळीचे. त्यामुळे सकाळी त्यांच्यासाठी धारवाड केंद्राच्या कन्नड बातम्या आणि त्यानंतर मामांसाठी सांगली केंद्र, असा त्या घराचा क्रम पुष्कळ वर्षे होता. धारवाड मध्यम लहरींवर 765 किलोहर्ट्झला लागायचे, सांगली 1251 ला. ही दोन्ही केंद्रे आपापल्या जागी स्वच्छ लागली, तरच माझ्या लेखी दुरुस्ती पुरी होणार होती.

व्हॉल्व्हच्या रेडिओत मला सर्वांत प्रिय आहे तो त्याचा ट्यूनर. नॉबने फिरणाऱ्या गँग कंडेन्सरच्या एकाच दांड्यावर पात्यांचे दोन संच बसवलेले असतात. एक संच हवे ते केंद्र निवडतो, तर दुसरा रेडिओच्या आतल्या ऑसिलेटरला (स्वतःची लहर निर्माण करणाऱ्या भागाला) त्या केंद्रापेक्षा नेहमी 455 किलोहर्ट्झने वर ठेवतो. काटा धारवाडवर असताना ऑसिलेटर 1220 वर चालतो आणि सांगलीवर नेला की तो 1706 वर जातो. ईसीएच 81 हा एकच व्हॉल्व्ह ही लहर निर्माण करतो, ती केंद्राच्या लहरीत मिसळतो आणि 455 चा फरक पुढच्या टप्प्याकडे सोपवतो. बोटाने नॉब फिरवताना हा मेळ डायलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिकून राहतो, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

म्हणूनच आवाज क्षीण आला की लगेच आयएफटीचे, म्हणजे ही 455 ची लहर पुढे नेणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांचे, गाभे फिरवायला बसणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. कारखान्यात मेण लावून पक्के केलेले हे गाभे सहसा आपणहून हलत नाहीत. बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. या रेडिओतला एक गाभा पूर्वी कोणीतरी लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवताना तडकवला होता. तो बाहेर काढण्यात माझे दोन रविवार गेले.

खरा बिघाड कागदी कंडेन्सरांत होता. ईबीसी 81 या व्हॉल्व्हच्या ॲनोडकडून (बाहेर पडण्याच्या टोकाकडून) स्पीकर चालवणाऱ्या ईएल 84 या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (आत येण्याच्या टोकाकडे) आवाज नेणारा कंडेन्सर जुना झाला की त्यातून थोडा डीसी पाझरतो, ग्रिडवर धन व्होल्टेज चढते आणि ईएल 84 प्रमाणाबाहेर विद्युतप्रवाह ओढून तापतो. त्याच्या कॅथोड या टोकावर साधारण 7 व्होल्ट असायला हवेत. मीटरने 11 दाखवले. जुना कंडेन्सर काढून 630 व्होल्टचा नवा डाग देऊन बसवला आणि आकडा जागेवर आला. हे सगळे करताना रेडिओ मी 60 वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्येच जोडला होता, म्हणजे आत कुठे शॉर्ट असलाच तर बल्ब प्रखर पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. ज्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसतो त्याच्या चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) मेनची एक तार थेट आलेली असते, हे नवशिक्यांनी कधीही विसरू नये.

गँगची सफाई मात्र सावकाशीचे काम आहे. दांड्याला टेकणाऱ्या पितळी स्प्रिंगवर हिरवट काळा थर चढला होता आणि नॉब फिरवताना येणारी खरखर त्याचीच होती. मऊ ब्रशने क्लीनर लावला, पात्यांमधली धूळ फुंकून काढली. एके ठिकाणी वाकलेले पाते शेजारच्या पात्याला घासत होते. ते भिंगातून पाहत जाड कागदाच्या पट्टीने हळूहळू सरळ केले. पात्यांना बोटाचा जोर लागला, तर मेळ कायमचा बिघडण्याची भीती असते.

दोरी नव्याने ओवल्यानंतरच मी जुळणीला, म्हणजे केंद्रे डायलवर आपापल्या जागी आणण्याच्या कामाला, हात लावला. त्यासाठी प्लास्टिकची विणकामाची सुई घासून चपटी केली होती. 600 च्या आसपास कॉइलचा गाभा, 1400 च्या आसपास ट्रिमर (स्क्रूने फिरणारा छोटा कंडेन्सर), पुन्हा 600, पुन्हा 1400, असे चार-पाच वेळा करावे लागते, कारण एक टोक जुळवले की दुसरे थोडे सरकते. डायलवर छापलेल्या केंद्रांच्या खुणांवर मी विसंबलो नाही. 23 नोव्हेंबर 1978 पासून आपल्याकडची मध्यम लहरींची केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने मांडली गेली (765 आणि 1251 या दोन्ही आकड्यांना 9 ने भाग जातो) आणि हा डायल त्याआधीचा आहे.

दिवाळीच्या आधी रेडिओ निपाणीला परत नेला आणि तांब्याच्या जाळीची जुनीच एरियल भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधली. घरातले एलईडी दिवे चालू असताना गुणगुण फार येत होती, म्हणून मामांनी ते एकेक करून बंद केले. अंधारात डायलचा पिवळा उजेड आणि केंद्र नीट लागले की नाही हे दाखवणाऱ्या ईएम 80 या व्हॉल्व्हची हिरवी पट्टी तेवढी दिसत होती. धारवाडला पट्टी भरून आली आणि कन्नड निवेदन सुरू झाले. थोडा वेळ ऐकून मामी म्हणाल्या, "आता ह्यांची सांगली लाव बघू." मी नॉब त्यांच्याच हातात दिला. काटा सावकाश पुढे सरकला, मधल्या खरखरीतून एक-दोन दूरची केंद्रे येऊन गेली आणि 1251 जवळ पट्टी पुन्हा भरली, तेव्हा मामांनी खुर्ची रेडिओजवळ ओढून घेतली.