साताऱ्यातल्या मिशनरी बाईंचा माग कसा काढायचा

आधी गाव बघा. एकोणिसाव्या शतकातल्या साताऱ्याच्या बाई बहुधा अमेरिकन बोर्डाच्या (अमेरिकेतली एक प्रोटेस्टंट मिशन संस्था), सांगली-मिरजेच्या प्रेस्बिटेरियन (वेगळा प्रोटेस्टंट पंथ, त्यांचं मिशनही वेगळं). इथे गल्लत झाली की पुढची मेहनत पाण्यात, कारण बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत आणि प्रेस्बिटेरियनांची फिलाडेल्फियात. जुन्या कागदांत साताऱ्याच्या इंग्रजी स्पेलिंगात दोन 'टी' असतात. तसंही शोधून बघा.

खरी मेख नावात. अविवाहित बाई 'मिस' म्हणून स्वतःच्या नावाने सापडतात. लग्न झालं की 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याची आद्याक्षरं! मुलींची शाळा चालवणार ही, अहवालावर सही त्याची. 'मिस' अचानक गायब झाली तर बाई परत गेल्या असं लगेच धरू नका. त्याच सुमारास कुठली नवी 'मिसेस' उगवली ते बघा. वर्ष-दीड वर्षाची पोकळी म्हणजे बहुतेकदा मायदेशीची रजा.

१८६८ मध्ये बोस्टनला बायकांचं स्वतंत्र मंडळ निघालं. ते अविवाहित बायकांचा खर्च उचलायचं, म्हणून त्यानंतरची पत्रं जास्त मोकळी मिळतात. पण ती देणगीदारांनी वाचावीत म्हणून लिहिलेली. शाळेतल्या मुलींचे आकडे त्यातून उचलताना जरा जपूनच.